कॅन्सर नाही, म्हणजे आजार नाही?

२०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे म्हणे! कुठल्याही पानटपरीवर जाऊन बघा. आमच्या विदर्भात तर खर्रा उघड घोटून मिळतो.

जाहिरातीत कॅन्सर दाखवतात. त्याच्या आधीची वर्षं कोणी दाखवत नाही. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आधी तिखटाने तोंडाची आग होते, मग तोंड आवळत जातं. पंगतीत सगळे रस्सा ओरपतात, हा वरणभात कालवत बसतो. जांभई द्यायची चोरी. घरचे म्हणतात, "कॅन्सर तर नाही ना?" यंत्रणाही जणू गाठ यायचीच वाट बघते.

"मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्या भावांनो, हे दुखणं मुख्यतः सुपारीचंच आहे!

आवळलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण. पण खाणं सुटलं, औषध आणि तोंडाचे व्यायाम वेळेत सुरू झाले तर फरक पडतो. म्हणून मागणी एकच: प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी बघता तसं प्रत्येकाचं तोंडही बघा.

आणि तुम्ही आत्ता आपली तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. जात नसतील तर उद्याच दातांच्या डॉक्टरकडे जा.