मनाचे सीमोल्लंघन

विजयादशमीस गावाची वेस ओलांडावी, शमीचे पूजन करावे, आपट्याची पाने देऊन थोरांच्या पाया पडावे, ही आपली पूर्वापार रीत. एके काळी या दिवशी शस्त्रे पूजून मोहिमेवर निघत. मोहिमांचे ते दिवस सरले. सीमा मात्र उरल्या आहेत. आपल्या मनाची वेस ओलांडून दुसऱ्याच्या मनापाशी पोहोचणे, हे सर्वांत अवघड सीमोल्लंघन होय. आणि ते लहानपणी, कोणा जाणत्याचे बोट धरूनच शिकावे लागते.

हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. खाकीबाबा मठाशी नाते सांगणारा हा उत्सव पाहण्यास सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत अशा चहूबाजूंनी माणसे लोटतात आणि रामलीला मैदानावर बापाच्या खांद्यावर बसलेली मुले रावणदहन डोळे विस्फारून पाहतात. परंतु कागदाचा रावण जाळणे सोपे. कोणी चिडविले असता हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबणे कठीण. संतापाला ‘मला राग आला आहे’ असे शब्द देणे, हरल्यावर खेळ न मोडणे, रडणाऱ्या सोबत्याजवळ जाऊन बसणे, या गोष्टी पाठांतराने येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांच्या सामाजिक व भावनिक विकासाचा उल्लेख केला, हे योग्यच झाले. तथापि जे घरात व अंगणात मिळत नाही, ते केवळ शाळेच्या तासिकेतून कसे मिळणार?

या बाबतीत आपल्याच मातीतील एक कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. कयाधूकाठच्या नर्सीत १२७० साली नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाची डोकी तपासली. इतरांनी मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र दुखावले आणि ‘हे मडके कच्चे’ असा निर्णय त्यांच्या पदरी आला. चारचौघांत झालेला तो अपमान घेऊन ते विठ्ठलापाशी गेले. पुढे काय घडले, ते नीट पाहावे. विठ्ठलाने त्यांची तक्रार ऐकून घेतली; परंतु निर्णय चुकीचा होता, अशी खोटी समजूत घातली नाही. त्याने त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे धाडले. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनीही उपदेशाचा मारा केला नाही. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, एवढेच सांगितले आणि उत्तर नामदेवांना स्वतःलाच शोधू दिले. पुढे याच नामदेवांनी पंजाबपर्यंत भक्तीचा संदेश नेला आणि त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथ साहिबमध्ये मानाने विराजल्या.

आधी ऐकणे, मग शिकविणे, असा या कथेतील क्रम आहे. आपण नेमका तो उलटवितो. मूल रडत आले की ‘मुलासारखा मुलगा असून रडतोस?’ म्हणतो, घाबरले की हसतो, रुसले की दटावतो. आपणही दिवसभर थापटणेच चालवितो, परंतु त्यानंतर जवळ घेणारा विठ्ठल आणि वाट दाखविणारा विसोबा घरात आढळत नाही. त्यामुळे मूल पक्के होत नाही; ते केवळ मुके होते.

मुले काही जाणत नाहीत, हा तर मोठाच भ्रम. अतिवृष्टीने सोयाबीन गेले, सणाला पुरणपोळीपुरते पैसे घरात नाहीत, तेव्हा अनुदान द्यावे, असे पत्र २०२२ साली याच जिल्ह्यातील एका शाळकरी मुलाने मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. आणि पोळ्या खायला येण्याचे आमंत्रणही दिले होते. घराचे दुःख त्याने ओळखले, त्याला शब्द दिले आणि त्यातही पाहुण्याला बोलाविण्याचे अगत्य राखले. असे किती तरी मुलांच्या मनात असते. परंतु ऐकणारा नसल्याने ते तेथेच कुजते.

दसरा-दिवाळी उलटली की जिल्ह्यातील अनेक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस निघतील. कोणी मूल बरोबर जाईल, कोणी आजीपाशी राहील. त्याला झोपेत सोडून पहाटे गाडीत बसणे सोपे वाटते. परंतु जागेपणी निरोप घेणे, केव्हा परतणार ते सांगणे आणि त्याचे रडणे सोसणे, हे अधिक प्रेमाचे आहे. गुरुजनांनी आणि शेजाऱ्यांनी अशा मुलांना त्या महिन्यांत आपल्या पंगतीत ओढून घ्यावे.

आजच्या सणाला आरंभ तरी करावा. ज्याच्याशी भांडण झाले, त्या सोबत्याला पहिले पान देण्यास मुलाला सुचवावे, बळजबरी करू नये. पान घेऊन आलेल्या प्रत्येक पोराला, मग ते कोणत्याही आळीचे असो, नाव विचारून जवळ बसवावे. आणि ज्या मुलावर आपण विनाकारण ओरडलो, त्याच्या हाती वडीलधाऱ्यांनीच आधी सोने ठेवावे. मोठ्यांनी वेस ओलांडली, तरच त्यांच्यामागून लहान पावले निघतील.