ताल पायांत उतरू द्या

डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात. आमच्या आदिलाबादला मराठी, तेलुगू, इंग्रजी कुठल्याही माध्यमाची शाळा घ्या, चित्र एकच. पाच-सहा वर्षांची मुलं स्टेजवर, बाई विंगेत. बाईंनी हात वर केला की मुलांचा हात वर, बाई वळल्या की मुलं वळतात. सगळ्यांचे डोळे विंगेकडे आणि गाणं आपलं आपल्या वाटेनं चाललेलं! आईबाबा कौतुकानं मोबाइलवर टिपून घेतात. त्यात वाईट काहीच नाही. पण महिनाभराच्या तालमीतून मुलांना आल्या त्या स्टेप्स. ताल आला का? गाण्याची लय जरा वाढवून पाहा, लगेच कळेल.

ही तक्रार आजची नाही. एमिल झाक-डालक्रोझ हे संगीतकार १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांची बोटं वाद्यावर सफाईनं चालतात, पण लय अंगात नाही. मग त्यांनी वाद्यं बाजूला ठेवली आणि विद्यार्थ्यांना चक्क चालायला लावलं. पियानो संथ वाजला की संथ चालायचं, वेग वाढला की धावायचं, थांबला की जागच्या जागी थांबायचं. या पद्धतीला ‘युरिद्मिक्स’ म्हणतात. १९१५ साली त्यांनी जिनिव्हात काढलेली संस्था आजही चालू आहे.

त्यांचं म्हणणं खरं असावं असं सांगणारा एक सुंदर प्रयोग २००५ मध्ये कॅनडात झाला. सात महिन्यांच्या बाळांना ठोक्यांची एक मालिका ऐकवली. कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर तीच मालिका जोर देऊन वाजवली, तेव्हा ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तसाच ताल त्यानं जास्त वेळ ऐकला. आणि महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या कुणाला झुलताना नुसतं पाहिलेल्या बाळांत हा परिणाम दिसला नाही. स्वतःचं अंग हलावं लागतं. टीव्हीसमोर बसवून ताल येत नाही, तो यामुळेच.

त्याच वर्षी एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी दुसरी गोष्ट दाखवली. बाल्कन देशांतल्या लोकसंगीतात पाच, सात मात्रांचे ताल सर्रास असतात. अमेरिकी कानांना ते अवघड जातात. पण सहा महिन्यांच्या बाळांना त्यातली चूक बरोबर कळत होती! वर्षाची झाल्यावर मात्र तीही मोठ्यांसारखीच, ओळखीच्या तालापुरती उरली. मग घरी दोन आठवडे ते संगीत कानावर घातलं, तर वर्षाच्या बाळांना पुन्हा जमू लागलं. मोठ्यांना तेवढंच ऐकवूनही तसा फरक पडला नाही.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. आईची मराठी आणि अज्जीची कन्नड मूल एकाच वेळी उचलतं, व्याकरण न शिकता. तालाचंही तसंच आहे. कान कोवळा असतो तेव्हा दार उघडं असतं, आणि आपण त्या दारातून वर्षानुवर्षं एकच फिल्मी ठेका आत सोडतो.

जगाचे ताल म्हटल्यावर घाबरून जायचं कारण नाही. बहुतेक ताल दोनाच्या आणि तिनाच्या तुकड्यांनी बनलेले आहेत. आपला रूपक घ्या: तीन, दोन, दोन, एकूण सात मात्रा. ग्रीसमध्ये हात धरून गोल फेर धरतात तो ‘कलामातियानोस’ नाच, त्याचीही मोजणी तीन-दोन-दोन! बल्गेरियाचा ‘राचेनित्सा’ दोन-दोन-तीन, म्हणजे तोच हिशेब उलट्या बाजूनं. आणि कर्नाटक संगीतातला मिश्र चापू, ‘तकिट तकधिमि’, तोही सातच. ज्या घरात अज्जी ‘तकिट’ म्हणते त्या घरातलं मूल ग्रीसच्या फेरात बिनधास्त उभं राहील.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. रूपक हिंदुस्थानी संगीतात सात मात्रांचा, तर कर्नाटक संगीतात सहाचा. घरात यावरून वाद झाला तर दोघांचंही बरोबर आहे, असं मुलाला सांगून टाका!

दूर कशाला जा, आमच्या जिल्ह्यातच केवढं भांडार आहे. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांची दंडारी गावोगाव फिरते. मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले गुसाडी, ढोल आणि डप्पूचा गजर. तिथे विंगेत कुणी उभं नसतं. लहान मुलं मोठ्यांच्या मागे फिरता फिरताच पावलं उचलतात. मार्लवाईच्या कनक राजू यांनी हे नृत्य आयुष्यभर जपलं, पुढच्या पिढीला शिकवलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. आपल्या मुलांपैकी किती जणांनी तो ढोल समोर उभं राहून ऐकला आहे?

मात्र एक विनंती. दंडारी ही गोंडांची श्रद्धा आहे. कागदी मोरपिसं चिकटवून तिचा फॅन्सी ड्रेस करू नका. ओळखीच्या कुणाला विचारून, पाहुणे म्हणून जा. मुलाला बाजूला उभं करा. त्याचे पाय आपोआप हलू लागतील, तेवढंच पुरे. बतुकम्मा तर आपल्या अंगणातच असते. टाळ्या वाजवत त्या फुलांभोवती फिरणं आणि आपला भोंडला यांत कितीसं अंतर आहे?

आता घरी काय करायचं? बाळ मांडीवर असेल तर गाणं लावून त्याला ठोक्यावर हलकेच झुलवा, आज दोनावर, उद्या तिनावर. दोन-तीन वर्षांच्या मुलाला डब्यावर ठोके देऊन चालवा आणि मध्येच थांबा. ‘थांबला की पुतळा’ हा खेळ मुलं तासभर खेळतील. चार-पाच वर्षांची झाली की ‘तक’ म्हटलं की दोन पावलं, ‘तकिट’ म्हटलं की तीन. दोन्ही जोडलं की पाच झाले, मुलांना कळतही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना लेझीम द्या. मग आठवड्याला एक परका ताल: एकदा ग्रीस, एकदा बल्गेरिया, एकदा आफ्रिकेचे ढोल. देशाचं नाव सांगा, नकाशावर बोट ठेवू द्या. मोबाइलवर हे सगळं मिळतं, फक्त पडदा पालथा ठेवा. ऐकू दे, बघू नको दे. आवाज बेताचा ठेवा आणि दहा मिनिटांत आवरा.

आणि पाऊल चुकलं तर सुधारू नका. ते काम कान करतो. घरात अज्जी असेल तर तिलाही उठवा. गेज्जे आणि हेज्जे, घुंगरू आणि पाऊल, हे दोन शब्द कन्नडमध्ये किती जवळचे आहेत ते तीच नातवाला सांगेल.

यंदाच्या गॅदरिंगला शाळेतल्या बाईंना एक सुचवून पाहा. एका कार्यक्रमात तरी विंगेत कुणी उभं राहू नये. स्टेजवर एक ढोल असावा आणि मुलांनी त्याच्याकडे कान देऊन नाचावं. हात एका रेषेत येणार नाहीत, फोटो थोडे वाकडे येतील. येऊ द्यात.