‘ॲक्रू’ म्हणजे नुसते वाढणे नव्हे

मुदत ठेवीच्या व्यवहारात ग्राहकाच्या वाट्याला हमखास येणारा, पण सहसा उलगडून न सांगितला जाणारा शब्द म्हणजे ‘ॲक्रूड इंटरेस्ट’. यातील ‘ॲक्रू’ हे क्रियापद पंधराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याचे मूळ लॅटिन ‘ॲक्रेस्केरे’, म्हणजे भर पडत वाढणे. ‘इन्क्रीज’ आणि चंद्रकोरीचा वाचक ‘क्रेसेंट’ हे त्याच कुळातले. जहाजावरचा ‘क्रू’देखील त्यांचाच भाऊबंद, मुळात तो शब्द सैन्याच्या मदतीस धाडलेल्या वाढीव तुकडीसाठी होता. (शिवमुद्रेतही प्रतिपदेच्या कोरीप्रमाणे वाढण्याचीच उपमा आहे, हा योगायोग मराठी वाचकास सुखावणारा!)

मात्र कायद्याच्या भाषेत वावरल्याने या वाढीला हक्काची छटा आली. हाती पडण्यापूर्वीच जे आपले झाले, ते ‘ॲक्रू’ झाले. एक लाख रुपयांच्या ठेवीवर ७.३ टक्के सरळ व्याजाने दररोज २० रुपये होतात. ते खात्यात तिमाहीअखेर येवोत वा मुदतीअखेर, हक्क रोजच्या रोज निर्माण होत असतो. म्हणूनच मुदत संपण्यास दोन वर्षे असतानाही मार्चअखेर त्या व्याजावर करकपात होऊ शकते आणि ‘न मिळालेल्या पैशावर कर कसला?’ असे ज्येष्ठ ग्राहक खिडकीशी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या एका क्रियापदात दडले आहे.

बँकेला स्वतःला मात्र ही मुभा सरसकट नाही. ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरले, की रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार त्यावरील व्याज प्रत्यक्ष वसूल होईपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही. आधी धरलेले, पण न मिळालेले व्याजही उलटवावे लागते.

परिभाषेने यासाठी ‘उपार्जित व्याज’ हा प्रतिशब्द दिला. उपार्जित म्हणजे कमावलेले. त्यात हक्क आला, पण हळूहळू वाढणे हरवले. बोलीतले ‘व्याज चढते’ वाढ अचूक टिपते; परंतु ते चढते ऋणकोच्या डोक्यावर, ठेवीदाराच्या पदरात नव्हे. संस्कृतात व्याजाला ‘वृद्धि’ म्हणत, त्याची खूण ‘चक्रवृद्धि’त उरली आहे. (‘व्याज’ या शब्दाचा संस्कृत अर्थ तर बहाणा!) नवा शब्द घडवण्याचा खटाटोप आता नको. करकपातीच्या सूचनापत्रात ‘आजवर साठलेले, परंतु अद्याप खात्यात जमा न झालेले व्याज’ एवढी एक ओळ छापली, तरी खिडकीवरचे निम्मे गैरसमज टळतील.