ढांगा लांब टाका म्हणे!

पहाटे पाचला जालना-अंबड रस्त्यावर कधी गाडी चालवली आहे का? चालवायची वेळ आलीच तर अप्पर मारू नका, एवढी विनंती. रस्त्याच्या कडेनं पोरंपोरी पळत असतात. कुणाच्या पायात बरे बूट, कुणाच्या पायात शाळेतले जुने कॅनव्हास, एखादा अनवाणीच. सगळी पोलीस भरतीची. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आहे, त्यामुळे खाकीचं आकर्षण इथं पाळण्यापासूनच. आणि कोरडवाहू तीन एकरांत कापूस-सोयाबीन करून घर चालत नाही हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

या पोरांच्या मागे मोटारसायकलवर एक सर असतात. शिट्टी गळ्यात. आणि ते ओरडत असतात, "ढांग लांब टाक! लांब! हरणावानी!"

मंडळी, माझा आजचा सगळा राग या एका वाक्यावर आहे. माणसावर नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण नातेवाईकही वाचतात आणि मग फोन येतात :)

झालं असं. माझी भाची, म्हणजे आक्काची धाकटी, दोन वर्षांपूर्वी अशाच एका अकॅडमीत जाऊ लागली. नाव घेत नाही. उंची पाच फूट एक इंच. पोरगी चिवट, लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलेली. मैदानी चाचणीचे गुण 50. त्यातले 800 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. 800 मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यायला हवं. ती येत होती 3 मिनिटं 20 सेकंदांत. सरांनी निदान केलं, ढांग छोटी पडते. उपाय, ढांग लांब टाक. तिनं टाकली. आज्ञाधारक पोरगी!

तीन महिन्यांनी फोन आला. "मामा, नळी लई दुखायली. रातच्याला झोप येईना."

डॉक्टरांनी नळीचं हाड दाबून पाहिलं, फोटो काढला आणि सांगितलं, दीड महिना पळणं बंद. त्या दीड महिन्यात मैदानी चाचणीची तारीख येऊन गेली. भरती काही दर वर्षी दिवाळीसारखी येत नाही, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही. दाजी म्हणाले, "बास झालं आता. पोरीच्या जातीला झेपतंय का हे? स्थळं बघू." एका चुकीच्या वाक्याची किंमत किती असू शकते, ते मी त्या दिवशी आक्काच्या ओसरीवर बसून पाहिलं.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाचवीचं आहे. पळण्याचा वेग म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं गुणिले एका पावलाची लांबी. बस्स. वेग वाढवायचा तर दोन्हीपैकी एक वाढवा किंवा दोन्ही वाढवा. सरांचं म्हणणं म्हणूनच ऐकायला बरोबर वाटतं. जोरात पळणाऱ्यांची ढांग लांब असतेच, हे मी नाकारत नाही. पण ती लांब होते कुठून?

ती मागून होते. पाय जमिनीला मागे रेटतो, नितंबांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीराला पुढे फेकतात, आणि शरीर हवेत असताना जे अंतर कापलं जातं त्यानं ढांग लांब होते. ओरडा ऐकून पोरं काय करतात? पाय पुढे फेकतात. गुडघा ताठ, टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते. म्हणजे प्रत्येक पावलाला जमीन तुम्हाला मागे ढकलते. सायकलचा ब्रेक दाबून पायडल मारण्यासारखं आहे हे. वेग थोडा वाढतो, दमछाक दुप्पट वाटते, आणि ब्रेकचा सगळा दणका नळीला आणि गुडघ्याला. लांब ढांग हे ताकदीचं फळ आहे. फळाला ओढून झाड मोठं होत नाही, मोसंबीच्या जिल्ह्यात हे मी सांगायला हवं का?

"मग अविनाश साबळे?" हा प्रश्न येणारच. आला पण. त्याच सरांनी मला मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. साबळे आपला शेजारी, बीडच्या आष्टी तालुक्यातला, शेतकऱ्याचा पोरगा, सैन्यात गेला आणि मग 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये जगापर्यंत पोचला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 च्या जुलैत पॅरिसमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याची ढांग बघून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण सर, त्या ढांगेच्या मागे किती वर्षांचे डोंगर, किती किलोमीटर आणि किती व्यायाम आहेत? तुम्ही पोरांना शेवटचं पान पाठ करायला लावताय, पुस्तक न वाचता.

इथवर वाचून माझा पुण्याचा चुलतभाऊ खूश झाला असेल. थांब बाबा, आता तुझाच नंबर आहे.

त्याच्याकडे पावलं मोजणारं घड्याळ आहे. भाचीचं कळल्यावर त्यानं कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान काढलं की मिनिटाला 180 पावलं पडलीच पाहिजेत, त्याखाली सगळं चूक. हा 180 आकडा आला कुठून? 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं बायकोबरोबर बसून धावपटूंची पावलं मोजली. जवळपास सगळ्यांची 180 किंवा जास्त भरली. चांगलं काम. पण ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि ऑलिंपिकच्या वेगानं पळत होते. वेग वाढला की पावलंही वाढतात. त्यांच्या शर्यतीतला आकडा उचलून सकाळी रमतगमत पळणाऱ्या काकांना लावायचा म्हणजे एक्सप्रेसचं वेळापत्रक पॅसेंजरला लावण्यासारखं आहे. 2016 च्या 100 किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेतल्या धावपटूंची पावलं अभ्यासकांनी मोजली. सरासरी 182 आली खरी, पण कुणाची 155 तर कुणाची 203. एकाच शर्यतीत!

शिवाय 1982 सालीच कॅव्हनाग आणि विल्यम्स या दोघांनी धावपटूंना वेगवेगळ्या लांबीच्या ढांगा टाकायला लावून त्यांचा प्राणवायू मोजला होता. निष्कर्ष असा की सरावलेला माणूस आपोआप जी ढांग निवडतो, ती त्याच्यासाठी सगळ्यात काटकसरीच्या ढांगेच्या जवळपासच असते. शरीर येडं नाही हो. त्याला ओरडून शिकवणारे आपणच येडे.

मग काहीच करायचं नाही का? करायचं. पण आधी मोजायचं. सरांनी ते कधीच केलं नव्हतं, चुलतभावानं स्वतःचंच केलं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी भाचीला मैदानावर नेलं. तिच्या नेहमीच्या 800 मीटरच्या वेगानं पळायला सांगितलं आणि 30 सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजलं. 40 वेळा. गुणिले चार, म्हणजे मिनिटाला 160. त्या वेगाला तिची ढांग दीड मीटर होत होती, पाच फूट एक इंचाची पोर! पाय पुढे फेकल्याशिवाय ते होणारच नव्हतं.

2011 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हायडरशाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की वेग तोच ठेवून पावलं फक्त पाच ते दहा टक्के वाढवली, तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. फक्त पाच टक्के. 160 चे 168. वेग तोच, म्हणजे ढांग सात सेंटिमीटरनं कमी. आपली चार बोटं जोडली तर जेवढी रुंदी होते तेवढी. मोबाईलवर टिकटिक लावली, आठवड्यातून दोनदा, एकेक मिनिट. बाकी वेळी तिला हवं तसं पळू दे. सोबत चढावर छोट्या धावा आणि पोटऱ्यांचा व्यायाम, म्हणजे मागचा रेटा वाढावा.

चमत्कार सांगणार नाही. चार बोटं ढांग कमी केल्यानं कुणी वाऱ्यासारखं पळत नाही. पहिले पंधरा दिवस तर ती म्हणाली, "मामा, तुरुतुरु चालल्यावानी वाटायलंय, पोरी हसतेत." पण नळी दुखली नाही. आठ महिने एकही आठवडा बुडला नाही. त्या आठ महिन्यांनी तिला 3 मिनिटं 20 वरून 3 मिनिटं 2 सेकंदांवर आणलं. गंमत म्हणजे आता तिची ढांग पुन्हा दीड मीटरच्या पुढे गेलीय, पावलं 170 च्या वर असताना! कुणी ओरडलं नाही, पाय पुढे फेकला नाही. ताकद आली, ढांग आली.

त्या सरांना मी हे सगळं जाऊन सांगितलं. भला माणूस आहे, स्वतः फौजेतून आलेला. ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आमाला बी असंच शिकवलं होतं." यावर काय बोलणार? पण सर, शिट्टी तुमच्याच गळ्यात आहे. साठ पोरं आहेत तुमच्याकडे. प्रत्येकाची पावलं मोजायला अर्धा मिनिट, म्हणजे सगळी मिळून अर्धा तास. तेवढा एक दिवस द्या. ज्याची टाच पुढे आपटतेय त्याला बाजूला घ्या. आणि "लांब टाक"च्या ऐवजी "मागं रेट" एवढं ओरडा. घसा तेवढाच लागतो.

असो. दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, आक्का मोबाईल तुमच्याच हातात देते. बारा सेकंद राहिलेत. पोरीला झेपत नव्हतं ते पळणं नव्हतं, शिकवणं होतं. पुढच्या भरतीपर्यंत स्थळांचा विषय काढू नका. काढलात तर पहाटे पाचला तुम्हालाच मैदानावर नेऊन तुमची पावलं मोजीन.