वाघ मोजून झाले, आता मधले रस्ते मोजा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण उमरेड, भिवापूर, नागभीडकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा.

व्याघ्रगणनेचा आकडा आला की आपण नागपूरकर खूश. ‘टायगर कॅपिटल’ म्हणून मिरवतो. पण पेंच, बोर, कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा यांच्या मधल्या जागेत काय चाललंय, हे त्या आकड्यात दिसत नाही. खरी गोष्ट तिथंच आहे.

आपल्याकडे मुलगी सासरी जाते. वाघांत दोन-अडीच वर्षांचा झाला की पोरगा घर सोडतो, लांब जातो आणि परक्या जंगलात संसार थाटतो. एका गोत्रात सोयरीक होऊ नये याची ती निसर्गाची व्यवस्था आहे. वाट बंद झाली तर काय होतं ते ओडिशातल्या सिमिलीपालला दिसलं. तिथले वाघ बाकीच्यांपासून तुटले, आपसातच वाढले आणि एरवी कधी न दिसणारे काळपट वाघ तिथं बरेच झाले. फोटोला छान दिसतात. पण आपसातल्या संकराची ती खूण आहे.

आपला भाग अजून तितका तुटलेला नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून हे तपासलं. वाघ शेतातून जातो, नाल्यानं जातो, गावाला वळसा घालून जातो. तो अडतो दाट वस्तीपाशी आणि वर्दळीच्या रस्त्यापाशी. त्याच रस्त्यांचं रानमांजराला फारसं काही वाटत नाही, वाघाला सगळ्यात जास्त बाधतं.

याला कागदावरचं शास्त्र म्हणू नका. जय आठवतो ना? २०१३ मध्ये नागझिऱ्याहून रस्ते, नद्या, गावं ओलांडत तो कऱ्हांडल्यात आला आणि इथल्या जंगलाचं नशीब पालटलं. २०१६ मध्ये तो गायब झाला. त्याचा मुलगा श्रीनिवास पुढच्याच वर्षी नागभीडकडे शेताच्या कुंपणातल्या करंटनं गेला. बोरचा बाजीराव डिसेंबर २०१७ मध्ये अमरावती रोडवर बाजारगावजवळ गाडीखाली आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली तीन बछडे गेले.

आता सरकारी कारभार बघा. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी गाडीत घालून नागझिऱ्यात नेऊन सोडल्या. मंत्री आले, फोटो झाले. तीन महिनेही झाले नाहीत, तोवर त्याच भागात, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ, रात्री एका कारनं वाघाला उडवलं. घासत घासत झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ तुमच्यापैकी निम्म्यांनी फॉरवर्ड केला असेल. उपचारासाठी नागपूरला आणताना वाटेतच तो मेला. जय जी वाट स्वतःच्या पायानं चालून आला, ती आता ट्रकनं पार करावी लागते!

रस्ता नकोच असं मी म्हणत नाही. आमच्या भागातल्या बाळंतिणीलाही नागपूर गाठायचं असतं. आणि उपाय आपल्या अंगणातच आहे. जबलपूर रोडवर मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता उचलून बांधलाय. बाजूला उंच भिंती दिसतात ना, त्या आवाज आणि उजेड अडवायला. अशी नऊ बांधकामं, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांब. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये खाली कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी दिसले आणि ११ वाघ ८९ वेळा जाऊन आले. वर ट्रक, खाली वाघ. कुणाचं काही अडलं नाही.

पण ते सहज मिळालेलं नाही. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, तेव्हा कुठं ते बांधलं. प्रत्येक रस्त्यासाठी तेवढं भांडणारं कोण आहे?

कारण पुढची यादी मोठी आहे. समृद्धी गोंदिया, गडचिरोलीकडे न्यायची आहे. नागपूर-नागभीडची नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, आता कऱ्हांडल्याला लागून ब्रॉडगेज येणार. ती छोटी गाडी रमतगमत जायची, ही सुसाट जाईल. गोसीखुर्दच्या कालव्याचे उतार सिमेंटचे आणि उभे आहेत. आत पडलेलं हरीण वर चढू शकत नाही. कालव्यांवर रुंद, मातीचे, झाडी लावलेले पूल का नकोत?

माझं म्हणणं एवढंच आहे की उचललेल्या रस्त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. डांबर पडल्यावर, चार वाघ मेल्यावर नव्हे. आणि मधल्या वाटेत ज्याचं शेत आहे त्याला कुंपणाचं अनुदान आणि गायीची भरपाई वेळेवर द्या. वाघाची वाट त्याच्याच धुऱ्यावरून जाते, तो वैतागला की तारेत करंट सोडतो.

‘माणूस मोठा की वाघ’ ही कमेंट येणारच. त्यांना विचारतो, रात्री ताशी शंभरच्या वेगानं दीडशे-दोनशे किलोच्या जनावरावर गाडी आदळली तर आत बसलेल्यांचं काय होतं?

भूसंपादनाची नोटीस आली की गावातल्या पोरांनी तलाठ्याकडे नुसता दर विचारू नये. अंडरपास कुठल्या गटातून आहे, किती लांबीचा आहे, तेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ते मला पाठवा, मी छापतो.