परवाना मंडळ कोणासाठी?

परवाना देणे वा काढून घेणे ही राज्यसंस्थेची सत्ता आहे. ती एखाद्या व्यवसायाच्याच हाती सोपवली, तर संरक्षण जनतेचे होते की त्या व्यवसायाचे? अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक मंडळांच्या निमित्ताने हा प्रश्न विचारला पाहिजे.

पाठीचे मणके व सांधे हातांनी हाताळून उपचार करण्याची ही पद्धती डी. डी. पामर यांनी १८९५ साली सुरू केली. कॅलिफोर्नियातील तिचे मंडळ १९२२ साली मतदारांनी संमत केलेल्या कायद्याने अस्तित्वात आले. त्यावर गव्हर्नरने नेमलेले सात सदस्य असतात. पाच कायरोप्रॅक्टर आणि दोन जनतेचे प्रतिनिधी. खर्च परवानाधारकांच्या शुल्कातून चालतो. म्हणजे रुग्णाने तक्रार केली, तर तिचा निर्णय आरोपीच्या समव्यावसायिकांचे बहुमत करणार!

या रचनेमागे इतिहास आहे, हे नाकारता येणार नाही. परवान्याविना उपचार केल्याबद्दल खुद्द पामर यांना १९०६ साली तुरुंगात जावे लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर घातलेला बहिष्कार बेकायदा होता, असा निकाल संघीय न्यायालयाने १९८७ साली दिला. प्रबळांच्या मक्तेदारीपुढे दुर्बळांनी स्वतःचे मंडळ मागावे, हे स्वाभाविकच होते. परंतु स्वसंरक्षणासाठी मिळवलेली सत्ता पुढे स्वतःच्या हितसंबंधांसाठी वापरली जाण्याचा धोका असतोच. उत्तर कॅरोलिनात दंतवैद्यांचे बहुमत असलेल्या मंडळाने, दात शुभ्र करून देणाऱ्या इतरांना धंदा बंद करण्यास फर्मावले. व्यवसायातील मंडळींच्याच ताब्यातील अशा मंडळाला राज्याच्या प्रत्यक्ष देखरेखीवाचून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावले.

तज्ज्ञांवाचून चालणार नाही, हे खरे. उपचारात हयगय झाली की नाही, हे जाणकारच सांगू शकेल. परंतु जाणकाराने साक्ष देणे वेगळे आणि त्यानेच निवाडा करणे वेगळे. मंडळात बहुमत रुग्णांच्या व श्रमिक संघटनांच्या प्रतिनिधींचे असावे आणि खर्चाचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. ओझी वाहून ज्यांची पाठ मोडते, त्यांना या मंडळात निर्णायक आवाज का नसावा?

कॅलिफोर्नियाच्या या कायद्यात मतदारांच्या संमतीवाचून बदल करता येत नाही. १९२२ साली त्यांनी उपचार करणाऱ्यांना न्याय दिला. उपचार घेणाऱ्यांना न्याय देणेही त्यांच्याच हाती आहे.