निरोगी रुग्णांचं शास्त्र

नव्या औषधाच्या चाचणीचा आराखडा उघडला की कोणाला घ्यायचं यापेक्षा कोणाला घ्यायचं नाही, याचीच यादी लांबलचक असते. क्रिएटिनिन वाढलेला नको, इन्सुलिनवर असलेला नको, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला नको. एवढ्या चाळणीतून उरतो तो एकच आजार असलेला, बाकी ठणठणीत रुग्ण. सरकारी ओपीडीच्या बाकावर तो शोधून सापडत नाही. तिथे बसलेल्या सत्तरीच्या आजींच्या पिशवीत साखरेची गोळी, बीपीची गोळी, लघवीची गोळी असते. शिवाय गुडघ्यांसाठी दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली, नाव कापलं गेलेली वेदनाशामकाची अर्धी पट्टी. काही बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांसोबत वेदनाशामक पोटात गेलं तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मग या आजी चाचणीत का नकोत?

पहिला आक्षेप असा की चार आजार एकत्र आले तर गुण कशाने आला हे कळणार नाही. औषध माणसाला पहिल्यांदाच देताना ही सावधगिरी रास्तच आहे. पण शेवटच्या, मोठ्या चाचणीत कोणी कोणत्या गटात जायचं हे यदृच्छेने ठरतं. मधुमेही दोन्हीकडे सारखेच वाटले जातात, गुंतागुंतही दोन्हीकडे सारखीच. माणसं जास्त लागतात, एवढंच. २०२० साली ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने ते करूनही दाखवलं. डेक्सामेथासोन तपासताना घेतलेल्या ६,४२५ कोविड रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना आधीचा एखादा मोठा आजार होता. सुमारे चौथा हिस्सा मधुमेही. तरी उत्तर स्वच्छ आलं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यासाठी अर्ज सुटसुटीत ठेवला होता आणि वाढीव तपासण्यांचा भार टाळला होता. थकलेल्या माणसाला दर पंधरवड्याला एसटीने शहरात बोलावणाऱ्या चाचण्यांनी हे जरूर पाहावं.

दुसरा आक्षेप दयाळू आहे: आधीच खंगलेल्यांना धोक्यात कशाला घालायचं? धोका टळतो कुठे? १९९९ मध्ये 'रेल्स' चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनमुळे गंभीर हृदयविकाराच्या रुग्णांचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. क्रिएटिनिन २.५ च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर असलेले रुग्ण मात्र तिने बाहेर ठेवले होते. निकालानंतर कॅनडातल्या ओंटारिओत या गोळीचा वापर झपाट्याने वाढला, आणि तो वृद्धांत, मूत्रपिंड दुबळं असलेल्यांतही. पोटॅशियम वाढून दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातही वापर वाढला, पण रक्ततपासण्यांवर लक्ष राहिल्याने तसा फटका बसला नाही, हेही सांगायलाच हवं. म्हणजे दोष गोळीचा नव्हता. कोणाचं रक्त किती वेळा तपासायचं, हे ज्यांच्यावर तपासून पाहायला हवं होतं तेच दाराबाहेर होते. त्यांच्यावर प्रयोग झालाच. संमतीपत्र नव्हतं आणि नोंदवहीही नव्हती.

तिसरा आक्षेप पैशाचा. आजारी माणूस चाचणीत दगावला तर भरपाई कंपनीच्या गळ्यात पडेल, ही भीती. आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांनी ती आधीच हिशेबात घेतली आहे. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईच्या सूत्रात ०.५ ते ४ असा जोखमीचा गुणांक आहे, आणि तो ठरवताना सहव्याधी धरल्या जातात. पासष्टीपुढच्या निरोगी माणसाचे ३२ लाख होतात, तर त्याच वयाच्या, सहा महिनेही काढणार नाही अशा रुग्णाचे ४ लाख. हा भाव माणुसकीला धरून आहे का, यावर वाद घालता येईल. मात्र सहव्याधी असलेला रुग्ण महाग पडतो, असं हे सूत्र वाचून तरी कोणी म्हणू नये.

गरीब, परावलंबी रुग्णांची चाचण्यांत फसवणूक झाल्याच्या तक्रारी आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. तेव्हा कडक पहारा हवाच. तो संमतीवर असावा, आजारांच्या संख्येवर नको. नैतिकता समित्यांनी एवढं करावं: वगळण्याच्या प्रत्येक अटीपुढे वैद्यकीय कारण लिहून मागावं, आणि 'मागच्या आराखड्यात होती' एवढंच उत्तर आलं तर ती अट तिथल्या तिथे खोडावी.